जोडाच्या खालचं झाड

डिसेंबर लागला की आमच्या शिवारातल्या मोटारी गप्प होतात. वर्षभर त्यांच्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की ती थांबल्याचं आधी कानाला कळतं, मग मनाला. विहिरीत पाणी असतं, तारेत लाईट असते, माणूस रिकामा बसलेला असतो, तरी कुणी बटण दाबत नाही. मोसंबीला ताण द्यायचे दिवस आले, एवढाच त्याचा अर्थ. झाडाला चांगलं महिना-दीड महिना तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, खालची पिवळी पडून गळतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग जानेवारीत पाणी दिलं की ते जिवाच्या आकांतानं फुलतं. ह्यालाच आंबिया बहार धरणं म्हणतात. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, अहो, किती निर्दय. मी म्हणते, रस पिताना नाही वाटलं?

उभा जन्म मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. आमचं शेत अंबडच्या बाजूला, रस्त्याला लागून. दोन खोल्या, पुढे पत्र्याखाली ओटा, ओट्यावर एक बाज. निवृत्त झाल्यावर गावातलं घर भाड्यानं दिलं आणि इथंच राहायला आले. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. वारा खालच्या अंगानं सुटला की अंकुशनगरच्या कारखान्याकडून मळीचा गोड-आंबूस वास येतो. उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात आणि गाणं वळणापाशी तुटतं. त्यानंतरची शांतता अंगावर येते. मला एकटं वाटतं. हे लिहायला लाजायचं काही कारण नाही. म्हातारपणी माणसानं गुडघे दुखतात हे चारचौघांत सांगावं आणि एकटं वाटतं हे लपवावं, असा कुठं नियम आहे?

माझे यजमान मोसंबीची रोपवाटिका चालवायचे. मी त्यांना ‘हे’ म्हणायची, अजून म्हणते. ते मला ‘मॅडम’ म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोसंबीचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं. खाली जंबेरीचा खुंट. जंबेरी लिंबाच्याच गोतातली, पण काटेरी, आंबट, खरबरीत सालीची. तिचं बी वाफ्यात लावायचं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरचं जंबेरीचं डोकं छाटून टाकायचं. त्या जोडाच्या वर मोसंबी, खाली जंबेरी. मुळं एकाची, नाव दुसऱ्याचं. शाळेतून आले की मी पदर खोचून वाफ्यात डोळे भरत बसायची. माझा हात ह्यांच्यापेक्षा हलका होता. ह्यांनी ते कधी कबूल केलं नाही, पण महत्त्वाच्या गिऱ्हाइकाची रोपं बरोबर माझ्या पुढ्यात यायची.

खुंट मात्र सहजासहजी नाव सोडत नाही. जोडाच्या खालून पुन्हा पुन्हा जंबेरीची फूट काढतो. ती दिसली की मोडायची, हा धंद्याचा पहिला नियम. आमची मुलगी अश्विनी नीट चालायला लागली तेव्हापासून तिला हे काम यायचं. बाप म्हणायचा, “जोडाच्या खालचं काय बी ठिवायचं न्हाई.” पोरगी काटे चुकवत ती कोवळी फूट टचकन मोडायची आणि शाबासकी मिळते का म्हणून वर बघायची.

आणि डोळे यायचे कुठून? एका झाडावरून. माझ्या सासऱ्यांनी लावलेलं, विहिरीच्या वरच्या अंगाला. फळ मोठं, साल पातळ, रसाला कमी नाही. सगळे त्याला माय म्हणायचे. जालन्याच्या मोसंबी मार्केटात माल उतरला की अडते न विचारता ओळखायचे. मग काय, जो तो म्हणे, मला मायचेच डोळे पाहिजेत. आमची बाग मायची, बांधाला बांध असलेल्या लिंबाजी भाऊजींची बाग मायची, ओढ्यापलीकडच्या सगळ्या बागा मायच्या. दुसऱ्या झाडाचे डोळे फुकट दिले तरी कुणी घेईना.

दहावीला मी आनुवंशिकतेचा धडा शिकवायची. सजीवांत वेगळेपण असतं. परिस्थिती बदलली की त्यातलं जे तिच्याशी जुळतं ते उरतं, त्याची पुढची पिढी होते. निसर्गाची निवड. पोरांना वाटायचं, निसर्ग म्हणजे कुणी गिऱ्हाईक आहे, मोसंबी दाबून दाबून बघतोय. मी म्हणायची, अरे, तो निवडत काहीच नाही. ज्याला जमत नाही ते जातं, उरलं त्याला आपण निवडलेलं म्हणतो. आणि सगळेच एकसारखे असले तर? तर मग उरायलाच कोणी नाही. फळ्यावर लिहून व्हायचं, घंटा व्हायची, आणि मी घरी येऊन त्याच मायचे डोळे भरत बसायची. म्हणायला हजारो झाडं, पण झाड एकच. त्या रांगांतून फिरताना तेव्हा भरल्या घरात असल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, एवढ्या गर्दीत ते एक झाड किती एकटं होतं.

*

त्या वर्षी पाऊस आला न आल्यासारखा गेला. दिवाळीतच विहिरीचा तळ दिसायला लागला. तरी डिसेंबरात सगळ्यांनी ताण दिला. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण दिला. आहे ते थोडं पाणी आता वाचवू, बहार फुटताना कामाला येईल, असा विचार. आणि ताण दिल्याशिवाय बहार कसा धरायचा, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ओट्यावर बसून मी ह्यांना विचारलं होतं, “औंदा पाऊसच न्हाई. मंग आपण आणिक कशाला तहानलेलं ठेवायचं झाडाला?”

“मॅडम, ताण न्हाई तर बहार न्हाई. बहार न्हाई तर बाग काय शोभेला ठिवायची? जानेवारीत टँकर लावू.”

लिंबाजी भाऊजी तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, “वहिनी, सगळेच देऊन राह्यले. सगळ्यांचं होईल ते आपलं होईल.”

सगळ्यांचं झालं ते आमचं झालं. जानेवारीत विहीर कोरडी, टँकर माणसांनाच पुरेनात. आम्ही दिलेला ताण कुठं संपला आणि दुष्काळानं दिलेला कुठं सुरू झाला, ते झाडांना कळलं नाही आणि आम्हालाही नाही.

त्या हंगामातलं काय काय अजून अंगाला चिकटून आहे. पायाखाली वाळकी पानं पापडासारखी मोडायची, तो आवाज. मोसंबीचं हिरवं पान चुरगाळलं की बोटांना दिवसभर वास राहतो. ती पानं चुरगाळली की नुसता भुगा व्हायचा. फेब्रुवारीत एरवी ह्या रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा फुलांच्या वासानं भरून जायची. त्या फेब्रुवारीत धुळीचा वास होता. हे रोज सकाळी उठून एकेका झाडाची फांदी नखानं खरवडून बघायचे. सालीखाली हिरवं निघालं की पुढे जायचे, तपकिरी निघालं की थांबायचे. मी शाळेला निघताना फाटकाशी उभी राहून बघायची, आज किती वेळा थांबतात. मार्चमध्ये त्यांनी फिरणंच सोडलं, कारण खरवडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मायसुद्धा गेली. सगळ्यांबरोबरच गेली, चार दिवसही मागं राहिली नाही. ती माय आहे म्हणून तिला कुणी सवलत दिली नाही.

उन्हाळ्यात जेसीबी आला. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोसंबीच्या लाकडांचे ढीग लागले, पिवळट, घट्ट लाकूड. ते वीटभट्ट्यांना गेलं.

आणि आमच्या रानाच्या मधोमध एक झाड उभं राहिलं. निम्मी पानं गळालेली, पण फांदी खरवडली की आत हिरवं. ह्यांनी जेसीबीवाल्याला हात करून थांबवलं. दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात जाऊन निळं मोरचूद आणलं, चुना कालवला, आणि सगळी बाग गेल्यावर हा माणूस त्या एका झाडाच्या बुंध्याला बुरशी लागू नये म्हणून त्याचा लेप, बोर्डोपेस्ट, लावत बसला. बुंधा आकाशी झाला. मोकळ्या काळ्या रानात आकाशी बुंध्याचं एकच झाड. एसटीतले लोक माना वळवून बघायचे.

“मॅडम, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? हे तगलं, ते जागेचा गुण का झाडाचा?”

“दोन्ही असू शकतं.”

“ते मला बी कळतं. पगार कशाचा घेता मंग?”

मी हसले आणि नीट सांगितलं. खाली कुठं ओल धरणारी माती असेल, तर तो जागेचा गुण. तो झाडाबरोबर दुसरीकडं जायचा नाही. झाडातच काही निराळं असेल, तर ते पुढच्या रोपांत उतरेल. तेव्हा ह्याचे डोळे भरायचे, रोपं दुसऱ्या जागी लावायची आणि त्यांच्यावर वाईट वेळ येण्याची वाट बघायची. हे म्हणाले, “बराबर. लावू मंग.”

लावायचं राहिलं. पाऊस परत आला, शिवार हिरवं झालं, लोकांनी नव्या बागा धरल्या, आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात हे गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली म्हणाले, जालन्याला पोचेपर्यंत गेलेले होते. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

पुढे बरेच दिवस मी चाकू हातात घेतला नाही. रोपवाटिका बंद पडली, वाफ्यांत गवत माजलं. त्या झाडाचा आकाशी रंग पावसानं धुऊन गेला. मी शाळेत जायची, यायची, संध्याकाळी त्या झाडाखाली नुसतीच उभी राहायची. एकदा अशीच परत फिरले तर मागून पदर ओढला गेला. वळून पाहिलं तर काटा. मोडायला कुणी नाही म्हटल्यावर खुंटानं जोडाच्या खालून फूट काढली होती, ती आता मनगटाएवढी जाड होऊन वर आलेली, आणि तिला खरबरीत पिवळी फळं लटकलेली. हात सवयीनं पुढे गेला आणि थांबला. म्हटलं, राहू दे. नाहीतरी इथं पदर ओढायला दुसरं आहे कोण?

त्या हिवाळ्यात नवा चाकू आणला. ह्यांचा प्रश्न अर्धाच राहिला होता, तो मला झोपू देईना. बाजारातून जंबेरीची रोपं आणली आणि त्यांच्यावर आकाशी झाडाचे डोळे भरले. ही त्याची पोरं. ती विहिरीजवळच्या चांगल्या काळ्या जमिनीत लावली. आणि त्या काटेरी फांदीची फळं खाली पडून सडत होती. वाया जाऊ द्यायचं नाही, ही जुनी खोड. त्यांचंही बी काढून वाफ्यात टाकलं, रोपं तरारून आली, म्हणून त्यांच्यावर लिंबाजी भाऊजींच्या नव्या बागेतल्या साध्या मोसंबीचे डोळे भरून टाकले. ही रोपं कुणाला नको होती. ती वरच्या मुरमाड पट्ट्यात लावली, जिथं कुसळांशिवाय काही येत नाही. जगली तर जगली.

*

अश्विनी पुण्यात असते. आधी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत उगवण तपासायला होती, मग पुण्याची नोकरी लागली. एकटीच राहते. तिच्या लग्नाचा विषय मी काढत नाही. ती माझा विषय मात्र रोज संध्याकाळी फोनवर काढते.

“आई, इकडं ये आता. तिथं तुला काय झालं तर कोणाला कळणार बी न्हाई.”

“कळंल की. लिंबाजी भाऊजी सकाळी दूध घेऊन येतात.”

“म्हंजे दुसऱ्या दिवशी कळंल.”

“अगं, मी जागेची हाय. इथं हाय म्हणून तगून हाय. उपटून पुण्यात लावलीस तर एक उन्हाळा काढायची न्हाई.”

हे उत्तर मला फार आवडायचं. ह्या दिवाळीत ती आली, बागेत हिंडता हिंडता तिनं मला त्याच उत्तरात पकडलं. म्हणाली, “आकाशी झाडाची पोरं औंदा पहिल्यांदाच ताणावर जाणार ना? मंग ठरवू. बाबांचाच प्रश्न. ती दुसऱ्या जागी तगली, तर गुण झाडाचा. मंग तू बी कुठं बी तगशील, गुमान माझ्याकडं यायचं. न्हाई तगली, तर गुण जागेचा. मी परत विषय काढणार न्हाई.”

“बिलकुल मंजूर,” मी म्हटलं. म्हणताना हसले. ती गेल्यावर हसू आलं नाही. ह्यांचं झाड खरं ठरावं असं मला वाटत होतं, आणि हा ओटा सोडावा लागू नये असंही वाटत होतं. एका माणसाला दोन्ही वाटू शकतं.

तर मोटारी थांबल्या. पानं वळली. सकाळच्या गारव्यातही ती उघडेनाशी झाली की ताण पुरा झाला समजायचं आणि पाणी द्यायचं. ती वेळ आली आणि नेमकी शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी आज येते, उद्या येते. विहिरीत पाणी चमकत होतं आणि ते वर आणायला काही नव्हतं. जानेवारी सरत आला. लिंबाजी भाऊजी दूध ठेवून ओट्यावर टेकले.

“वहिनी, तवाचं ध्यानात हाय का?”

“न राहायला काय झालं?”

ते उठून आपल्या बागेकडं गेले.

मी रोज सकाळी ह्यांच्यासारखी फांद्या खरवडत फिरू लागले. काळ्या जमिनीतल्या पोरांची पानं गुंडाळली, करपली, शेंडे वाळायला लागले. लिंबाजी भाऊजींच्या बागेत चाललं होतं तेच, फरक काहीच नाही. डोळ्यांतून काहीही उतरलं नव्हतं. मूळ आकाशी झाड मात्र आपल्या जागी हिरवं उभं. म्हणजे जागेचा गुण. प्रश्न सुटला, पैज मी जिंकले.

ओट्यावर येऊन बसले. “आता पुण्याला जायला नको,” असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. पत्र्यावर एक होला बसला होता, तो उडाला. ह्यांनी ज्याच्यावर एवढा जीव लावला त्या झाडाचं स्वतःचं काही नव्हतंच तर, सगळं खालच्या मातीचं. आणि माझं? ही विहीर, हा ओटा, ह्यांची बाज काढून घेतली तर माझ्यात माझं असं काय आहे? रोज ऐटीत फेकायचं ते उत्तर खरं ठरलं आणि मला रडू आलं. जिंकलेलं माणूस का रडतंय, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्याकडं गेले, ते तिथली झाडं किती मेली बघायला. मुरमाड रान, पाणी धरत नाही. सगळ्यांत आधी तेच वाळणार हे कुणीही सांगितलं असतं. चढावर गुडघा धरून थांबले आणि वर बघितलं.

हिरवी. पानं सपाट, उघडी. एक फांदी खरवडली, दुसरी खरवडली, मग खरवडणं थांबवलं.

मला कळायला वेळ लागला. ह्या झाडांचं वरचं अंग लिंबाजी भाऊजींच्या साध्या मोसंबीचं, आणि तीच मोसंबी खाली त्यांच्या रानात माना टाकून होती. जागा म्हणावी, तर शिवारातली सगळ्यांत वाईट. मग हिरवं कशानं? मी मुरमावर बसकण मारली आणि जोडावर बोट ठेवलं. जे होतं ते जोडाच्या वर नव्हतं. ते खाली होतं, खुंटात.

पिढ्यानपिढ्या आम्ही वरचं झाड डोळ्यांनी वाढवत आलो, म्हणून ते सगळीकडं एकच. खुंट मात्र बियांचे. पोत्यानं आणलेलं जंबेरीचं बी, कुठल्या कुठल्या झाडांचं, त्याची जात कुणी विचारली नाही. सगळं वेगळेपण तिथं होतं, मातीखाली, जिथं कुणी बघत नव्हतं. हजारांतल्या एका खुंटाची मुळं काही निराळी निघाली. दुष्काळानं बाकीचे नेले, तो एक राहिला. आणि तो आपलं बी बाहेर द्यायला बघत होता, दरवर्षी, जोडाच्या खालून. आम्ही ती फूट मोडत होतो, लेकराला शाबासकी देऊन मोडत होतो. मी दुःखात होते, हात चालत नव्हता, म्हणून तेवढी एकदा ती वाचली.

लिंबाजी भाऊजींना बोलावून दाखवलं. ते झाडाभोवती फिरले, टोपी काढून डोकं खाजवलं.

“वहिनी, ह्या काटेरीचं सगळं बी मला द्या. सगळी बाग ह्याच्यावरच करतो. तालुका मागं लागंल बघा.”

“भाऊजी, परत एकच?”

“तगून राह्यलंय ना पण.”

“तहानेला तगलं. मागच्या पावसाळ्यात रानात पाणी साचून किती झाडं डिंक सोडून मेली? तसं झालं तर हे टिकंल का, मला ठाऊक न्हाई. आणि ज्याला ताण बसतच न्हाई, त्याला फूल येतं का तेच अजून बघायचंय.”

हे त्यांना पटलं. फुलाचं नाव काढलं की आमच्याकडं माणूस ऐकतो. “मंग करू काय?”

“चार ओळी ह्याच्या. चार दुसऱ्या खुंटाच्या. आणिक चार तिसऱ्या.”

“मार्केटात माल एकसारखा लागतो, वहिनी.”

“माल एकसारखा राहू द्या. मुळं कोण बघायला येतंय?”

ते हसत गेले. शिकवायचं बंद झाल्यापासून इतकं सलग मी कुणाशी बोललेच नव्हते.

संध्याकाळ झाली. अश्विनीचा फोन यायची वेळ. मी खोटं बोलू शकले असते, म्हणजे खोटंही नव्हे. आकाशी झाडाची पोरं वाळली, एवढं सांगायचं. वरच्या पट्ट्याचं तिला माहीतही नव्हतं. फोन वाजला तेव्हासुद्धा माझं ठरलेलं नव्हतं.

“मंग, आई? जागेचा का झाडाचा?”

“खुंटाचा,” मी म्हटलं.

पोरगी बियाण्यातली, तिला दुसरं वाक्य लागलं नाही.

“म्हंजे आपण मोडायचो, ती?”

“तीच. एक राहून गेल्ती, तिचं बी लावलं होतं. वरच्या मुरमाड पट्ट्यात, सगळ्यांत वाईट जागी. वर डोकं दुसऱ्याचंच. तरी हिरवं हाय. तू जिंकलीस.”

मला वाटलं, ती खूश होईल. पण ती म्हणाली, “आई, मी तुझ्यासाठी बोलवत न्हवते.”

“मंग?”

“माझ्यासाठी. संध्याकाळी कुलूप काढून आत येते ना, लाईट लावावी वाटत न्हाई. आत्ता बी अंधारातच उभी हाय. तू म्हणायची, मी जागेची हाय. मला वाटायचं, मंग मी कशाची? माझी जागा तर सुटली.”

तिचा फोन रोज त्याच वेळेला का यायचा, ते मला तेव्हा कळलं. मी समजायची, आई धड आहे का बघायला करते. ती अंधाऱ्या खोलीत लाईट लावायच्या आधी करायची. इतकी वर्षं मी तिला ऐटीत जागेचा गुण ऐकवत होते, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती.

“तू जोडाच्या खालची गं,” मी म्हटलं. “माझ्याच मुळाची. तगशील तू. पण नुसतं तगून काय करायचं? मी येते.”

“खरंच?”

“डीपी येऊ दे. बागेला पाणी देते, मंग निघते.”

डीपी आली. खटका दाबला, मोटार दोनदा खोकली आणि चालू झाली. पाठोपाठ शिवारातल्या सगळ्यांच्या मोटारी लागल्या. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, तसं दिलं. वाळक्या शेंड्यांखाली अजून जीव आहे. काळ्या जमिनीतली बरीच झाडं वाचतील. लिंबाजी भाऊजींना चावी दिली आणि बजावलं, जोडाच्या खालचं काही मोडू नका. फूल येईल तेव्हा मी इथं नसेन. वरच्या पट्ट्यात आलं का, ते कळवा म्हटलं.

पिशवीत त्या काटेरी फांदीच्या दोन जंबेऱ्या घेतल्यात, तिच्या खिडकीत कुंडी आहे. अंबडहून सकाळचीच एसटी धरते आहे. अश्विनी न्यायला येते म्हणत होती, मी नको म्हटलं. शेजाऱ्यांकडं किल्ली ठेव, एवढंच सांगितलं. मला तिच्या आधी पोचायचं आहे. ती घरी येईल तेव्हा लाईट लागलेली असेल.